सहयोगी घटस्फोट: मुलाचा ताबा ठरवताना आधी त्याचा आठवडा मांडा

घटस्फोट घ्यायचा ठरला की ‘मूल कोणाकडे?’ हा प्रश्न सगळ्यात आधी पुढे येतो. माझ्या अनुभवात त्याच प्रश्नाने सुरुवात केली की बोलणी सगळ्यात लवकर फिसकटतात. मी बालसमुपदेशक आहे. सहयोगी घटस्फोटाच्या, म्हणजे कोर्टात न भांडता बोलणीतून ठरवलेल्या घटस्फोटाच्या, बैठकांना मी मुलांसाठी बसते, आई किंवा वडील यांपैकी कोणाच्याही बाजूने नाही. पहिल्या भेटीत मी दोघांनाही वेगवेगळा कोरा कागद देते आणि मुलाचा नेहमीचा आठवडा लिहून काढायला सांगते. सकाळी त्याला उठवतं कोण, अभ्यासाला कोण बसतं, ताप आला की शाळेचा फोन कोणाला जातो, झोपताना त्याला कोण लागतं. दोन्ही कागद शेजारी ठेवले की बोलणं हक्कांवरून दिनक्रमावर येतं. पुढचं सगळं काम तिथून सुरू करा.

सहयोगी घटस्फोटाची पद्धत नेमकी काय आहे ते आधी समजून घ्या. १९९० साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले वकील स्टू वेब यांनी ती सुरू केली. त्यात दोघांचेही स्वतंत्र वकील असतात आणि ते बैठकीत तुमच्या शेजारी बसतात. मध्यस्थीत एकच तटस्थ माणूस असतो, इथे तसं नाही. सुरुवातीलाच सगळे मिळून एका करारावर सही करतात: कोर्टात भांडायचं नाही, काही लपवायचं नाही, आणि बोलणी मोडली तर दोन्ही वकिलांनी बाजूला व्हायचं. मग दोघांनाही नवे वकील शोधून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ही अट ऐकून लोक बिचकतात. मला मात्र ती या पद्धतीचा कणा वाटते, कारण त्यामुळे खोलीत बसलेल्या कोणालाच भांडण लांबवण्यात फायदा उरत नाही. वकील नेमण्याआधी त्यांनी या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलं आहे का आणि ही अट ते लेखी देतात का, हे स्पष्ट विचारा.

घरात मारहाण असेल, धाक असेल, मुलाला धोका असेल, किंवा व्यसन असून त्यावर उपचार चालू नसतील, तर या वाटेने जाऊ नका. समोरच्याची भीती वाटणारी व्यक्ती त्याच टेबलावर बसून मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकत नाही. अशा वेळी कोर्टाचं संरक्षण घ्या. तुमच्या वकिलाने हे प्रश्न तुम्हाला एकट्याला गाठून विचारले नाहीत, तर तुम्ही स्वतः विषय काढा.

आता मुलाबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम सांगतं, की मुलाशी संबंधित बाबींत त्याला मत मांडता आलं पाहिजे आणि त्या मताला वय व समज पाहून वजन दिलं पाहिजे. याचा अर्थ त्याला निवड करायला लावणं असा नाही. ‘तुला कोणाकडे राहायचंय?’ हे मी कधीही विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. त्या प्रश्नाचं कुठलंही उत्तर दिलं तरी मुलाच्या मनात राहतं, की आपण दोघांपैकी एकाला सोडलं. मी विचारते: कुठे शांत झोप लागते, कोणती गोष्ट दोन्ही घरांत हवीच, कशाची काळजी वाटते. मग मुलाच्या परवानगीने त्यातलं जे सांगण्यासारखं आहे ते आईवडिलांना सांगते. भेटीआधी मुलाला पढवू नका. पढवलेलं वाक्य मोठ्यांच्या भाषेत येतं आणि लगेच कळतं.

वेळापत्रक करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: मूल कधी कोणाकडे, आणि शाळा, उपचार, परदेश प्रवास यांसारखे मोठे निर्णय कोण घेणार. दिवस सारखे वाटले नाहीत तरी निर्णय दोघांचे असू शकतात.

दिवस वाटण्याच्या काही रुळलेल्या पद्धती आहेत. पहिली दोन-दोन-तीन: दोन रात्री एकाकडे, दोन दुसऱ्याकडे, तीन पुन्हा पहिल्याकडे, आणि पुढच्या आठवड्यात उलट. लहान मुलांना दोघंही वारंवार दिसतात, म्हणून ती त्यांना मानवते, पण ने-आण फार होते. दुसरी दोन-दोन-पाच-पाच: सोमवार-मंगळवार कायम एकाकडे, बुधवार-गुरुवार कायम दुसऱ्याकडे, आणि शुक्रवार ते रविवार आलटून पालटून. ‘आज मंगळवार, म्हणजे आईकडे’ हे मुलाला पाठ होतं, म्हणून शाळकरी मुलांसाठी मी बहुतेकदा ही सुचवते. किशोरवयीन मुलांना सहसा आठवडा-आठवडा बरा पडतो. घरं एकमेकांपासून लांब असतील तर यातली एकही चालणार नाही. मग शाळेचे दिवस एका घरी आणि सुट्ट्यांचा मोठा भाग दुसऱ्या घरी, असं मांडावं लागतं.

अडलात तर मागणीमागचं कारण विचारा. एका जोडप्याचं घोडं रविवारवर अडलं होतं, दोघांनाही तो अख्खा हवा होता. खोदून विचारल्यावर कळलं, की वडिलांना तेवढीच सुट्टी होती, आणि आईला काळजी होती ती सोमवारच्या तयारीची: गृहपाठ, गणवेश, वेळेवर झोप. रविवारी चारपर्यंत वडील आणि त्यानंतर आई, असं ठरलं. दोघांची गरज भागली, कारण ती मुळात एकमेकांच्या आड येतच नव्हती.

रात्रींची संख्या आणि पैसा एकाच बैठकीत बोलू नका. अनेक देशांत मुलाचा निर्वाहखर्च ठरवताना रात्री मोजल्या जातात, म्हणून नकळत रात्रींचा सौदा सुरू होतो. आधी वेळापत्रक पक्कं करा, मग तटस्थ आर्थिक तज्ज्ञाबरोबर खर्चाला बसा.

मसुद्यात बारीकसारीक गोष्टी लिहा, कारण पुढची भांडणं त्यांच्यावरूनच होतात. ने-आण शक्यतो शाळेतून करा: एकाने सकाळी सोडायचं, दुसऱ्याने दुपारी घ्यायचं, म्हणजे दारात समोरासमोर येण्याचा प्रसंग टळतो. औषधं आणि चष्मा मुलासोबत जातील. पासपोर्ट कोणाकडे राहील, आजारपणात वेळापत्रक बदलेल का, फोन किती वाजता, नवा जोडीदार मुलाला कधी भेटेल, घर बदलायचं असेल तर किती आधी कळवायचं. आपल्या वाट्याच्या दिवशी बाहेर जावं लागलं तर पाळणाघराआधी दुसऱ्या पालकाला विचारायचं का, तेही ठरवा. मतभेद झाले तर आधी कोणाकडे जायचं हे नाव न विसरता घाला. निरोप मात्र मुलाच्या हाती कधीच पाठवू नका.

सह्या झाल्या म्हणजे काम संपलं नाही. करार कोर्टापुढे ठेवून त्याचा आदेश करून घ्या, तरच तो अंमलात आणता येतो. न्यायाधीश मुलाचं हित पाहतात आणि ते जपलं जात नसेल तर बदल सुचवतात. ‘दिवस जास्त दे, मी खर्च मागत नाही’ असली अट बहुतेक ठिकाणी टिकत नाही, कारण निर्वाहाचा हक्क मुलाचा असतो. आदेश येईपर्यंत तात्पुरती व्यवस्थाही लेखी ठेवा.

मुलाला दोघांनी एकत्र बसून सांगा, आणि थोडक्यात सांगा. का वेगळं होतोय यापेक्षा उद्या शाळेतून कोण घेणार हे त्याला आधी हवं असतं. वेळापत्रक त्याला कळेल अशा रंगांत दोन्ही घरी लावा. पहिली शैक्षणिक सहामाही संपली की फेरआढाव्याची बैठक घ्यायची, हे करारातच तारखेसह लिहून ठेवा. त्या बैठकीआधी मी मुलाला पुन्हा एकटं भेटते.