कोशित्सेला जाताय? सोमवार टाळा

स्लोव्हाकियातल्या कोशित्से शहरात एकच दिवस हाताशी असेल तर तो सोमवार नको. तिथली बहुतेक संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात आणि मग नुसत्या इमारती बाहेरून बघत फिरावं लागतं.

सुरुवात पूर्व स्लोव्हाक संग्रहालयापासून करा. 1872 सालची ही संस्था. तळघरातल्या तिजोरीवजा खोलीत कोशित्सेचा सुवर्णखजिना आहे: 2,920 सोन्याची नाणी, शिवाय दोन मीटरहून लांब सोन्याची साखळी. 1935 मध्ये मुख्य रस्त्यावर बांधकामासाठी खोदताना मजुरांना हे घबाड सापडलं. नाणी शांतपणे बघा, युरोपातल्या कितीतरी टाकसाळींची आहेत.

तिथून मुख्य रस्त्याने सरळ दक्षिणेकडे चाला. 1899 चं सरकारी नाट्यगृह आणि सेंट एलिझाबेथ कॅथेड्रल जवळजवळच आहेत, त्यामुळे वेगळा वेळ काढायला नको. नाट्यगृहातल्या ऑपेराची तिकिटं मात्र आधीच बघून ठेवा.

पाय दुखत नसतील तर जुन्या लष्करी बराकींतलं कुल्टुरपार्क हे सांस्कृतिक केंद्र आणि जुन्या जलतरण तलावाच्या इमारतीतलं कुन्स्टहाले कलादालन गाठा. 2013 साली शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, तेव्हाची ही कमाई. मला खजिन्यापेक्षा हेच जास्त आवडतं.

आणि हो, ऑक्टोबरचा पहिला रविवारही जपून. 1924 पासूनची मॅरेथॉन तेव्हा असते, रस्ते बंद होतात. धावायला जाणार असाल तर गोष्ट वेगळी.