ड्युटीला जाता जाता काढायचे फोटो

फोटो काढायचे म्हटलं की आमची पोरं आंबोलीला गाड्या पळवतात. मी रोज येळ्ळूरहून वडगाव रोडनं बेळगावात ड्युटीला जातो आणि माझे बरे म्हणावेत असे सगळे फोटो त्याच रस्त्यावरचे. कॅमेरा नाही, जुना मोबाईल आहे.

आधी लेन्स पुसा. हसू नका. खिशातल्या फोनच्या काचेला बोटांचं तेल लागतं आणि सूर्य समोर आला की फोटोभर पांढरट धुरकट होतं. जुन्या बनियनचा तुकडा डिकीत ठेवला की झालं.

डिसेंबरात इथं सूर्य सातच्या सुमारास उगवतो. ड्युटी आठची, म्हणून मी घर लवकर सोडतो. वडगावकडे जाताना ऊन उजव्या हातानं, अगदी खालून येतं. कापलेल्या भाताच्या एकेका खुंटाला लांब सावली पडते. दुपारी तेच शिवार चटईसारखं सपाट दिसतं, तेव्हा फोन खिशातच बरा.

खरी मजा जुलैत, भातलावणीला. उभ्यानं फोटो काढलात तर नुसता चिखल येतो. बांधावर उकिडवं बसा आणि फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली येते, पाण्यापासून चार बोटांवर. आता पाण्यात आभाळ दिसतं, त्यातनं रोपं वर आलेली, मागं राजहंसगड. दुसऱ्या-तिसऱ्या रोपावर बोट दाबून धरा. फोकस लॉक झाला की ढगांचा आकार दिसेपर्यंत उजेड खाली ओढा. ओल्या हाताला स्क्रीन दाद देत नाही, म्हणून फोटो आवाजाच्या बटणानं काढायचा. बासमतीचा वास तेवढा येत नाही फोटोत, त्याला इलाज नाही.

रस्त्यावरची पाटी शक्यतो फ्रेमबाहेर ठेवा. पाटी कुठल्या भाषेत आहे यावर आमच्याकडे इतकं बोलणं होतं, की स्टेटसला ठेवलेला फोटो राहतो बाजूला.

माणसांचा फोटो विचारून काढा. हे मी शिव्या खाऊन शिकलो. लावणीतल्या एका आजीचा फोटो लांबूनच काढला, तर ती कमरेवर हात ठेवून ओरडली, "मेल्यावर भिंतीला लावायला काढलास व्हय रे?" पुढच्या आठवड्यात प्रिंट नेऊन दिली. आता तीच हाक मारते, पण पदर सारखा करून खांबासारखी उभी राहते. तो फोटो तिच्यासाठी काढायचा. मग गप्पा मारत थांबायचं. ती वाकून परत रोपांना हात घालते, तेव्हा आपला.

रविवारी बाहेर पडायचीही गरज नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या कौलांत एक काच बसवली आहे. अकराच्या सुमारास तिच्यातनं उन्हाचा पट्टा चुलीपाशी उतरतो आणि धूर त्यात शिरला की पट्टा काठीसारखा उभा दिसतो. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर काठी गायब. कोपर फळीला टेकवा, श्वास धरा, दहा-बारा फोटो घ्या. त्यात एखादा निघतो, आईचा हात पट्ट्यात, तव्यावरची भाकरी अर्धी उचललेली. बाकीचे लगेच पुसून टाका, मोबाईलची मेमरी भरते.