जुनी आरएक्स 100 उभी करताय? या चुका टाळा

माझी पहिली आरएक्स, म्हणजे यामाहाची टू-स्ट्रोक मोटरसायकल, मी रंगापासून सुरू केली होती. टाकी पेंटरकडे, चेसिस पावडर कोटिंगला, मडगार्ड निकेलला, आणि इंजिन कोपऱ्यात पोत्यावर पडून. तीन महिन्यांनी सगळं जोडलं, किक मारली, गाडी उठली. पण अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी आवाज खाली येईना. क्रँकचे सील, म्हणजे क्रँकच्या दोन टोकांना हवा आणि तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, गेले होते. इंजिन पुन्हा उतरवताना पाना सटकला आणि चेसिसच्या कोऱ्या काळ्या रंगावर वीतभर ओरखडा उमटला. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी कागद, मग इंजिन, मग ब्रेक आणि वायरिंग. गाडी निदान पाचशे किलोमीटर मळक्या अंगानेच पळवायची. रंग त्यानंतर.

यामाहाची ही गाडी आपल्याकडे 1985 ते 1996 या काळात निघाली. म्हणजे शेंडेफळसुद्धा आता तिशीला टेकलंय. कोल्हापुरात, सांगलीत, पुण्यात आजही तिच्यासाठी लोक वाटेल तो भाव देतात, आणि त्या ओढीतच पहिली चूक होते.

कागद न बघता सौदा

गाडी बघायला गेलात की इंजिन ऐकायच्या आधी आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र) मागा. चेसिस नंबर हँडलच्या नळीवर असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर. टॉर्च लावून एकेक आकडा जुळवा. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण, आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर. आरसी संपून किती वर्षं झाली, गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथली एनओसी (ना हरकत पत्र) आहे का, हे सगळं पैसे देण्याआधी. आणि चेसिस ब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने जुना रंग काढायला) देताना नंबरावर जाड टेप स्वतःच्या हाताने लावा. पावडरचा थर बसला की आकडे बुजतात, आणि आरटीओच्या तपासणीत त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

घाईत खोलणं

इंजिनाच्या साईड कव्हरचे स्क्रू जपानी घाटाचे असतात. आपला नेहमीचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही. जोर लावला की तो वर उचलला जातो आणि स्क्रूचं डोकं गोल होतं. मग छिन्नी, मग ड्रिल, मग कव्हरचे आटे जातात. इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. टोक नीट बसवा, ड्रायव्हर सोडवायच्या दिशेला पिळून धरा, वरून हातोडीचा एकच नेमका ठोका. ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि तीस-पस्तीस वर्षांचा स्क्रू पाव फेरा फिरतो. नाहीच फिरला तर गंज सुटायचं तेल मारून रात्रभर सोडा.

प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या. प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर मार्करने नाव. इतकं केलं तरी पुरे.

इंजिन: इथे काटकसर नको

‘नुसत्या रिंगा बदला, भागेल’ असं कुणीतरी सांगतंच. ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर, झिजून वाकडा झाला असेल तर नव्या रिंगा काही शे किलोमीटरांत संपतात. मूळ बोअर (ब्लॉकचा आतला व्यास) 50 मिलिमीटर, स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली धाव) तेवढाच. त्याच्या पुढे पाव-पाव मिलिमीटरने मोठे पिस्टन मिळतात. आधी पिस्टन विकत घ्या आणि तो हातात घेऊन बोरिंगवाल्याकडे जा, कारण बोअर पिस्टनच्या मापाने करायचा असतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात या कामात मुरलेली माणसं आहेत, पण माप आपणही समोर उभं राहून बघावं.

पिस्टन चढवताना त्यावरचा बाण एक्झॉस्टच्या बाजूला. रिंगेच्या खाचेत एक बारीक पिन असते. रिंगेचं तोंड बरोबर त्या पिनेवर यायला हवं, नाहीतर ब्लॉक खाली सरकवताना रिंग मोडते. आणि सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी तारेची क्लिप) बसवण्याआधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. ही क्लिप पकडीतून उडते तेव्हा कुठे गेली ते दिसतही नाही, आणि ती आत पडली तर अख्खं इंजिन फोडावं लागतं.

क्रँकचे दोन्ही सील न विचारता बदला, वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ते कडक होतातच. डावीकडचा, मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला की इंजिन बाहेरची हवा ओढतं, रेस लटकते (अ‍ॅक्सिलेटर सोडूनही खाली येत नाही), इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. उजवीकडचा, क्लचच्या बाजूचा गेला की गिअर ऑईल ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि ऑईल हळूहळू कमी होत जातं.

टूटी ऑईलच्या, म्हणजे पेट्रोलसोबत जळणाऱ्या टू-स्ट्रोकच्या तेलाच्या, पंपावर पहिल्या दिवशी भरवसा ठेवू नका. नळीत हवा अडकलेली असते. हवा पूर्ण काढा, आणि पंप खरंच तेल सोडतोय याची खात्री होईपर्यंत पेट्रोलमध्येही लिटरला 20 मिली टूटी ऑईल घाला. थोडा धूर झाला तर होऊ दे. कार्बोरेटरच्या रबरी रिंगा आणि पेट्रोलची नळी नवी घाला, आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात फुगतं.

सायलेन्सर कापणं, फिल्टर काढणं

माझा सगळ्यात जास्त जीव तुटतो तो इथे. टू-स्ट्रोकमध्ये थोडं ताजं मिश्रण एक्झॉस्टमधून बाहेर निसटतं. सायलेन्सरच्या पोटाचा आकार दाबाची लाट परत फिरवतो आणि तेच मिश्रण पुन्हा ब्लॉकमध्ये ढकलतो. तो सायलेन्सर कापला की आवाज वाढतो आणि ताकद जाते. फिल्टर काढला की हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं, आणि नवा कोरा पिस्टन जाम होतो. आवाज बसलेला वाटत असेल तर सायलेन्सरची जाळी काढून आतला कार्बन साफ करा.

चेसिसची शेपटी कापून कॅफे रेसर (आखूड शेपटीची, रेसिंगच्या थाटाची गाडी) करायची हौस असेल तर कायदाही बघा. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय, आणि मोटार वाहन कायद्यात प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. रंग बदलला तर आरटीओत नोंद करून घ्या. सीट, ग्रिप, आरसे, चांगले टायर, निकेल केलेले मडगार्ड एवढ्यातही गाडी देखणी होते.

जोडल्यावर चालू होईना

इंडिकेटर मंद, हॉर्न घोगरा, बॅटरी मात्र नवी? मग अर्थिंग तपासा, म्हणजे चेसिसमधून वीज परत नेणारी जोडणी. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. अर्थची वायर जिथे चेसिसला लागते तिथला रंग पॉलिश पेपरने खरवडून धातू उघडा करा.

किकला उठतच नसेल तर स्पार्क प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही: टाकीखालचा कॉक, कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई आणि स्लो जेट बघा. ओला असेल तर प्लगचे आटे इंजिनाला टेकवून, प्लगच्या भोकापासून लांब धरून किक मारा. ठिणगी निळसर आणि जोरदार हवी. पिवळी, मरतुकडी दिसली तर आधी प्लग, मग प्लगची टोपी, मग कॉइल.

उठली की दहा मिनिटं चालवून बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या आणि हेडचे (ब्लॉकवरच्या झाकणाचे) नट पुन्हा ठरल्या जोराने आवळा. पहिले पाचशे किलोमीटर अर्ध्या अ‍ॅक्सिलेटरच्या पुढे जाऊ नका, पण टॉप गिअरमध्ये घरघरवतही नेऊ नका. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरांनंतर रस्त्याच्या कडेला थांबून प्लग काढा. दुधाच्या चहासारखा तपकिरी असेल तर पुढे चला. पांढराफटक निघाला तर पुढची किक मारू नका; गाडी ढकलत घरी आणा आणि हवा कुठून शिरतेय ते आधी शोधा.