सेंद्रिय मोंतेपुल्चानो द'आब्रुत्सो : वाइन बिघडली असे म्हणण्याआधी या चुका टाळा

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर आब्रुत्सो हा प्रांत आहे. त्याच्या एका बाजूला एड्रियाटिक समुद्र आहे, तर दुसऱ्या बाजूला ग्रान सास्सो आणि मायेल्ला हे डोंगर उभे आहेत. ग्रान सास्सोचे सर्वांत उंच शिखर २,९१२ मीटरचे असूनही समुद्र तिथून पन्नास किलोमीटरच्या आतच आहे. त्यामुळे मधल्या टेकड्यांवरच्या द्राक्षमळ्यांना दिवसा समुद्राचा वारा मिळतो आणि रात्री डोंगरावरून उतरणारी गार हवा मिळते. मोंतेपुल्चानो हे तिथले काळे द्राक्ष उशिरा पिकते. त्याला रंग धरायला आणि आंबटपणा टिकवायला अशी हवा मानवते, आणि खेळत्या वाऱ्याने पाने लवकर सुकत असल्यामुळे बुरशीचा उपद्रवही आटोक्यात राहतो. सेंद्रिय पद्धतीने मळा राखणाऱ्यांना याचा मोठा आधार असतो. या द्राक्षापासून इतक्या निगुतीने तयार झालेल्या लाल वाइनबद्दल ज्या तक्रारी माझ्या कानावर येतात, त्यांतील बहुतेकींचे मूळ बाटलीत नसून ती हाताळण्याच्या पद्धतीत असते, असा माझा अनुभव आहे.

पहिली चूक खरेदी करतानाच होते. मोंतेपुल्चानो नावाचे एक गाव तोस्काना प्रांतात आहे आणि तिथली ‘विनो नोबिले दी मोंतेपुल्चानो’ ही वाइन प्रामुख्याने सांजोवेझे या वेगळ्याच द्राक्षापासून होते. आब्रुत्सोच्या बाटलीवर मात्र मोंतेपुल्चानो हे द्राक्षाचे नाव असते आणि १९६८ पासून मान्यता असलेल्या या वाइनमध्ये ते द्राक्ष किमान ८५ टक्के असावे लागते. नावाच्या सारखेपणामुळे चुकीची बाटली घरी आली, तर पुढचे सगळे अंदाज चुकतात.

‘सेंद्रिय’ या शब्दाचा चुकीचा अर्थ

सेंद्रिय वाइनमध्ये सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवणारा गंधकयुक्त घटक, मुळीच नसते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो खरा नाही. युरोपीय संघाने २०१२ च्या हंगामापासून ‘सेंद्रिय वाइन’ असे लेबलवर लिहिण्याची मुभा दिली. त्या नियमांनुसार साखर जवळजवळ न उरलेल्या लाल वाइनमध्ये लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालते, तर सेंद्रिय नसलेल्या अशाच लाल वाइनसाठी हीच मर्यादा १५० मिलिग्रॅम आहे. म्हणून लेबलवर हिरव्या पार्श्वभूमीवर ताऱ्यांनी रेखलेले पान आणि ‘सल्फाइट आहे’ ही सूचना एकत्र दिसली, तर फसवणूक झाली असे समजू नये. ज्यांना सल्फाइटचा त्रास होतो, त्यांनी केवळ ‘सेंद्रिय’ या शब्दावर विसंबू नये.

सल्फाइट कमी असल्याचा परिणाम साठवणीवर मात्र होतो. वाइनचे संरक्षण करणारा घटक कमी असल्यामुळे अशी बाटली उष्णता कमी सहन करते. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत राहिलेली किंवा स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवलेली बाटली शिजल्यासारखी लागते. बूच किंचित वर आलेले असेल आणि त्याच्या आवरणाखाली चिकट ओघळ असेल, तर बाटलीला उष्णता लागली आहे, असे समजावे.

उघडताच येणारा वास

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण तिच्यापायी चांगली वाइन मोरीत जाते. गेल्या हिवाळ्यात एका स्नेह्यांकडे अशीच बाटली उघडली आणि पहिल्याच श्वासाला उकडलेल्या अंड्याचा वास आला. वहिनींनी पेला बाजूला सारला आणि यजमान बाटली रिकामी करायला उठले. मी त्यांना थांबवले आणि घरात असलेले दोन काचेचे जग मागितले. एका जगातून दुसऱ्यात अशी सात-आठ वेळा, थोड्या उंचीवरून वाइन ओतली आणि अर्धा तास तशीच राहू दिली. मग पेल्यात पिकलेल्या काळ्या चेरीचा आणि त्यामागे सुक्या ओव्यासारखा वास होता. मोंतेपुल्चानो द्राक्षाचा हा स्वभावच आहे. किण्वन होत असताना आणि बाटलीत राहताना प्राणवायू कमी मिळाला, की या वाइनमध्ये गंधकाचे वास साचतात आणि हवा लागली की ते बहुधा उडून जातात. गंधकाचा वास तांब्याने जातो, हे खरे आहे, पण म्हणून कोणी वाइन तांब्याच्या लोट्यात ओतू नये, कारण वाइनमधल्या आम्लाने तांबे विरघळू लागते. काचेचा जग आणि थोडा धीर एवढे पुरेसे आहे.

दोष खरा आहे की तात्पुरता, हे हवेनेच ठरवावे. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा बंद कपाटासारखा कुबट वास हवा लागल्यावर कमी न होता वाढत गेला, तर बुचाचा दोष वाइनला लागलेला आहे आणि त्यावर घरी उपाय नाही. अशी बाटली दुकानदाराला परत द्यावी. व्हिनेगर किंवा नखांच्या रंगासारखा झोंबणारा वासही दोषच आहे. ‘सेंद्रिय वाइन अशीच असते’ हे उत्तर विक्रेत्याकडून ऐकून घेऊ नये. तळाशी बसलेला काळसर गाळ मात्र निरुपद्रवी असतो. बाटली आदल्या दिवशी उभी ठेवून सावकाश ओतली, की झाले.

तापमान आणि पेला

लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, ही सूचना युरोपातल्या थंड घरांतून आली आहे. पुण्या-मुंबईतली खोली तीस अंशांवर असते आणि त्या तापमानाला ही वाइन जड लागते, शिवाय तिच्यातला मद्यार्क नाकाला टोचतो. तिला १६ ते १८ अंश योग्य ठरतात. त्यासाठी बाटली साधारण सव्वा तास फ्रिजमध्ये ठेवावी, किंवा बर्फ आणि पाणी एकत्र घातलेल्या बादलीत दहा-बारा मिनिटे बुडवावी. अतिथंड केल्यास मात्र तुरटपणाच पुढे येतो. पेला एक तृतीयांशच भरावा आणि भरण्यापूर्वी रिकाम्या पेल्याचा वास घ्यावा, कारण भांड्यांच्या साबणाचा किंवा फोडणीच्या हाताने वापरलेल्या फडक्याचा वास काचेला सहज राहतो. चव घेण्याआधी बडीशेप खाऊ नये आणि शेजारी उदबत्तीही लावू नये.

सोबत काय वाढावे

किनाऱ्याची वाइन म्हणजे माशांसोबतची वाइन, हा तर्क इथे फसतो. लाल वाइनमधल्या लोहामुळे माशाचा उग्र वास तोंडात मागे राहतो. वास्तो गावात मासे आणि टोमॅटो मातीच्या भांड्यात शिजवून ब्रोदेत्तो करतात. त्याच्यासोबत त्याच द्राक्षाची गडद गुलाबी चेरासुओलो ही वाइन थंड करून घेणे मला अधिक पटते. लाल मोंतेपुल्चानोची खरी जोडी आर्रोस्तिचीनीशी जमते. मेंढीच्या मांसाचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे काडीला ओवून, लांबट अरुंद शेगडीवरच्या निखाऱ्यांवर भाजतात आणि त्यांवर फक्त मीठ घालतात. चरबीचा ओशटपणा वाइनच्या तुरटपणाने कापला जातो. आपल्याकडे भाजलेले मटण कमी तिखटाचे असेल, तर हेच साधते. तांबड्या रश्श्यासोबत मात्र ही वाइन देऊ नये, कारण तिखटामुळे मद्यार्क जाळतो आणि तुरटपणा खरखरीत वाटू लागतो.

उरलेली वाइन बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. अंड्याच्या वासाने सुरू झालेली बाटली असेल, तर दुसऱ्या संध्याकाळचा पेला पहिल्याहून मोकळा लागतो. त्यामुळे पहिल्या दिवशी तिला नावे ठेवणाऱ्यांनाच तो पुन्हा चाखायला द्यावा.