खवाट्यांच्या मधे भरून येतं? या चुका टाळा

ऐरोली-महापेच्या ऑफिसांत दिवसभर लॅपटॉपवर वाकणाऱ्यांची तक्रार ठरलेली: दोन खवाट्यांच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या) मधे पाठ भरून येते. मग हात छातीसमोर आडवा ओढून पाठ ताणायची. पहिली चूक हीच. तिथले ऱ्हॉम्बॉइड स्नायू पुढे आलेल्या खांद्यांमुळे बहुतेक वेळा आधीच ताणलेले असतात. आणखी ताणलं की घटकाभर बरं वाटतं, पुन्हा येरे माझ्या मागल्या. त्यांना गरज असते ती ताकदीची.

हे स्नायू दोन. धाकटा मानेच्या सातव्या आणि पाठीच्या पहिल्या मणक्यापासून निघतो, थोरला पाठीच्या दुसऱ्या ते पाचव्या मणक्यापासून. दोघंही तिरके उतरून खवाट्याच्या आतल्या कडेला चिकटतात, खवाटा कण्याकडे ओढतात आणि बरगड्यांना टेकवून धरतात. शिवाय खांद्याची खोबण खाली वळेल असा तो फिरवतात.

म्हणूनच हात डोक्यावर नेताना 'खवाटे आवळा' हा जिममधला सल्ला उलटतो. हात 180 अंश वर जातो, त्यातले साधारण 60 अंश खवाटा वर फिरल्यामुळे मिळतात. तो आवळून धरला तर खांदा अडतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये वरचं हँडल धरतानाही खवाटा मोकळा सोडा.

ताकदीसाठी रोइंग, म्हणजे रबरी बँड स्वतःकडे ओढायचा व्यायाम. त्यात चूक ही की खांदे कानाकडे जातात आणि सगळं काम मान करते. बँड खिडकीच्या गजाला पोटाच्या वरच्या उंचीवर अडकवा. आधी खवाटे मागे, मग कोपर बरगड्यांना घासून मागे. 2 सेकंद थांबा. परत जाताना 3-4 सेकंद घ्या आणि खवाटा पुढे सरकू द्या. हा परतीचा अर्धा भाग जवळजवळ सगळेच उरकतात. 10-12 वेळा, 2-3 सेट, एक दिवसाआड. आठव्यालाच मान आखडली तर बँड जड आहे.

पाठ मोकळी करायला टेनिस बॉल घेतलात तर तो मणक्यावर नको. कणा आणि खवाट्याच्या मधे, भिंतीला टेकून, मिनिटभर पुरे.

भिंत ढकलताना खवाट्याची कड बाहेर येत असेल, तर दोष बहुधा बरगड्यांवरून खवाट्याकडे जाणाऱ्या सेराटस स्नायूचा किंवा त्याच्या नसेचा असतो. तिथे रोइंग वाढवून उपयोग नाही, फिजिओथेरपिस्टला दाखवा. मान वळवल्यावर हातात मुंग्या आल्या तर मानेचे मणके तपासून घ्या. आणि जिना चढताना पाठीत दुखून घाम फुटला, धाप लागली, तर बँड-बॉल राहू दे, सरळ 108 लावा.