बादलीभर मिठाच्या पाण्यात युरेनियमचा हिशेब

माझे वडील सोलापुरात टॉवेलच्या डाईंगमध्ये होते. टॉवेल नगावर मोजायचे. हौदातल्या रंगाला नग कुठून आणणार? बारावीच्या वर्गात मोल्टन सॉल्ट रिअ‍ॅक्टरचा विषय निघाला की मला तोच हौद आठवतो. नेहमीच्या अणुभट्टीत इंधनाच्या जुड्या असतात, प्रत्येकीवर नंबर. बॉम्बसाठी कुणी इंधन पळवत नाही ना, हे बघायला तपासनीस त्या मोजतो, सील लावतो. मोल्टन सॉल्ट रिअ‍ॅक्टरमध्ये मात्र युरेनियम सहाशे-सातशे अंशांच्या वितळलेल्या क्षारात विरघळून फिरत असतं.

मग ते मोजायचं कसं? घरी करून बघा: मीठ म्हणजे युरेनियम, पाणी म्हणजे वितळलेला क्षार. बादलीत 10 लिटर पाणी घ्या, 500 ग्रॅम मीठ टाका. ढवळायच्या आधी वरून 100 मिली काढा, नीट ढवळून आणखी 100 मिली. दोन्ही पसरट ताटल्यांत गच्चीवर ठेवा. मे महिन्यात संध्याकाळपर्यंत नुसतं मीठ उरतं. सोनाराच्या काट्यावर तोला, ताटलीचं वजन वजा करा. ढवळलेल्यात 4.9 ग्रॅमच्या आसपास मीठ मिळेल, न ढवळलेल्यात बरंच कमी. पाच ग्रॅम का नाही? मिठाने पाण्याची पातळीही चढली. म्हणून नमुन्याइतकीच पातळी अचूक हवी.

आता खरी परीक्षा. मुलांना पाठ करून उभं करा. बादलीतून 200 मिली खारं पाणी काढा, तेवढंच साधं पाणी ओता. पातळी तीच, पण दहाएक ग्रॅम मीठ गेलं. तुमच्या मोजणीत दोन टक्के इकडचं तिकडे होत असेल, तर ही घट सापडणार नाही. टाकीत 1000 किलो युरेनियम-233, म्हणजे थोरियमपासून बनणारं युरेनियम, असेल तर एक टक्क्याची चूकही 10 किलोंची. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था तर 8 किलोलाच बॉम्बच्या दृष्टीने धोक्याचं प्रमाण मानते.

मुलांना विचारा, मग काय करायचं? बादलीवर नजर ठेवायला कुणीतरी म्हणतंच. तेच उत्तर: क्षार जिथून बाहेर पडू शकतो त्या प्रत्येक नळीवर मापक, सील, कॅमेरा. आणि त्यांच्या जागा नकाशातच ठरवाव्या लागतात, कारण भट्टी एकदा चालली की किरणोत्सर्गामुळे त्या नळ्यांजवळ माणूस जाऊ शकत नाही.

शेवटी डाव, ताटल्या, बादलीची कड, पुसायचं फडकं, सगळ्याला चिकटलेलं मीठ हिशेबात धरा. मुलं कंटाळतात, तेव्हा मी अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेची गोष्ट सांगते. तिथली अशीच वितळलेल्या क्षाराची प्रायोगिक भट्टी 1965 ते 1969 चालली, मग क्षार टाक्यांत गोठवून ठेवला. 1994 मध्ये कळलं, त्यातलं काही युरेनियम वायू होऊन नळ्यांतून कोळशाच्या गाळणीत जाऊन बसलं होतं. कुणी चोरलं नव्हतं. त्यानंतर मुलं फडकंसुद्धा पिळून तोलतात.