जुन्या गाडीच्या इंजिनातील आवाज: निदान कसे करावे

जुनी गाडी म्हणजे येथे पंधरा वर्षांची नोंदणी संपून पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतलेली पेट्रोल गाडी गृहीत धरली आहे. मग ती मारुती ८०० असो, झेन असो, सँट्रो असो किंवा त्या पिढीतील दुसरी कोणतीही. अशा गाडीतून नवा आवाज येऊ लागला, की मालक गॅरेजमध्ये जाऊन ‘टॅपेट वाजताहेत’ किंवा ‘बेअरिंग गेले आहे’ असे थेट निदानच सांगतो, आणि मेकॅनिकही मग त्याच जागी हात घालतो. (टॅपेट म्हणजे इंजिनातल्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारे भाग; बेअरिंग म्हणजे फिरत्या भागाचा आधार.) वस्तुतः एकसारखी ऐकू येणारी टकटक पाच-सहा निरनिराळ्या ठिकाणांहून येऊ शकते. म्हणून आवाजाला नाव देण्याची घाई न करता तो केव्हा येतो, कशाने वाढतो आणि कशाने थांबतो एवढे आधी कागदावर उतरवावे. खाली दिलेल्या बहुतेक चाचण्यांना लांब स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि एक मदतनीस यांपलीकडे काही लागत नाही.

प्रथम ऑइल

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे आणि ऑइल खाली उतरण्यासाठी पाच मिनिटे थांबावे. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग पातळी पाहावी. ती खालच्या खुणेच्या जवळ किंवा त्याखाली असेल, तर त्याच ग्रेडचे ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून आवाज पुन्हा ऐकावा. बऱ्याचशा टकटकी येथेच संपतात, मात्र ऑइल गेले कोठे हा प्रश्न उरतोच. ऑइल काळे असणे हा दोष नाही. पण त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर ते पातळ होऊन वंगणाचे काम नीट करत नाही, आणि ते दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले असण्याची शक्यता मोठी असते.

इंजिन चालू असताना डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा पेटत असेल, तर पुढील कोणतीही चाचणी न करता इंजिन तत्काळ बंद करावे. याच्या उलट, दिवा पेटत नाही म्हणून दाब पुरेसा आहे असेही समजू नये, कारण हा दिवा दाब फारच खाली गेल्यावर पेटतो. सेकंडहँड गाडी घेताना आणखी एक शंका मनात ठेवावी. झिजलेल्या इंजिनाचा आवाज दाबण्यासाठी विक्रेते कधी कधी नेहमीपेक्षा जाड ऑइल भरतात. अशी गाडी सकाळी थंड असताना शांत वाटते आणि तासाभराच्या प्रवासानंतर बोलू लागते. म्हणून गाडी आधीच गरम करून दाखवायला आणली असेल तर ती थंड होऊ द्यावी, आणि थंड असेल तर भरपूर फिरवून मगच ऐकावी.

पुढच्या चाचण्या चालू इंजिनाजवळ करायच्या आहेत. बाह्या दुमडाव्यात, ओढणी आणि गळ्यातील साखळी काढून ठेवावी, हँडब्रेक ओढून चाकांमागे विटा लावाव्यात. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा अनेक गाड्यांत पूर्वसूचना न देता सुरू होतो, त्यामुळे त्याच्या जवळ हात नेऊ नये. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे हे तर जिवावर बेतणारे आहे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आवाज इंजिनाचाच आहे का?

गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना हळूहळू रेस द्यावी. आवाज येतच नसेल, तर तो इंजिनाऐवजी चाकांकडून किंवा गिअरबॉक्सकडून येत असण्याची शक्यता वाढते; मात्र काही आवाज इंजिनावर भार पडल्याशिवाय येत नाहीत, म्हणून एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने जाताना क्षणभर गाडी न्यूट्रलला घ्यावी. इंजिनाची गती उतरली, गाडीचा वेग मात्र जवळपास तोच राहिला आणि आवाजाची लयही तशीच राहिली, तर व्हील बेअरिंग, टायर किंवा चाकांना फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टकडे पाहावे. ही चाचणी घाटाच्या उतारावर कधीही करू नये.

त्यानंतर गाडी उभी ठेवून क्लचचे पेडल दाबावे. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर क्लचचे रिलीज बेअरिंग संशयित ठरते. पेडल सोडलेले असताना न्यूट्रलमध्ये येणारी घरघर दाबताच थांबत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगमध्ये असतो. दोन्ही प्रसंगी इंजिनाला हात लावण्याचे कारण नसते.

स्लो रनिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन संथ चालू असताना, धडधड होऊन थोड्या रेसने ती थांबत असेल, तर इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरी आधारांवर इंजिन बसवलेले असते ते, पाहावेत. मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरचे आहे. अशा इंजिनात थोडा थरथराट मुळातच असतो, आणि रबर फाटले की तोच थरथराट धातूवर धातू आपटल्यासारखा ऐकू येतो.

टकटकीची गती

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक फेरा होतो. स्लो रनिंग मिनिटाला ९०० फेऱ्यांवर असेल, तर क्रँक सेकंदाला १५ वेळा आणि कॅम साडेसात वेळा फिरतो. याचा अर्थ सैल झालेला एक टॅपेट सेकंदाला सात-आठ वेळा वाजेल, तर क्रँकवरची सैल पुली किंवा फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचे जड चाक) त्याच्या दुप्पट वेगाने. एवढे ठोके कानाने मोजता येत नाहीत. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते चौथ्या हिश्श्याच्या गतीने ऐकले की मात्र मोजणी सहज होते. डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना आळीपाळीने वीज वाटणारा भाग) असलेल्या गाडीत टायमिंग लाइट, म्हणजे प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, पहिल्या प्लगच्या वायरला लावला, तर तो क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. प्रत्येक चमकेबरोबर एकच ठोका पडत असेल, तर आवाज क्रँकच्या अर्ध्या, म्हणजे कॅमच्या गतीचा आहे.

अर्ध्या गतीच्या यादीत टॅपेट आणि कॅम येतात, तसाच कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणारा जुना यांत्रिक भाग असलेल्या) अनेक गाड्यांत कॅमवर चालणारा यांत्रिक पेट्रोल पंपही येतो, आणि तो हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो. एमपीएफआय गाडीत, म्हणजे जिथे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर पेट्रोल फवारतो तिथे, इंजेक्टरची बारीक टिकटिक नैसर्गिक असते. पिस्टनचे आवाज मात्र या हिशेबात नीट बसत नाहीत; त्यांचा विचार पुढे केला आहे.

जागा शोधण्यासाठी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या न हलणाऱ्या भागावर टेकवावे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावावी. टॅपेट कव्हर, पेट्रोल पंप, अल्टरनेटर, वॉटर पंपाचे घर, ऑइल संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) अशा क्रमाने जावे. धातू आवाज दूरवर वाहून नेतो, त्यामुळे एका ठिकाणी तो मोठा आला म्हणून थांबू नये. चार ठिकाणे ताडून पाहावीत.

टॅपेट, आणि टॅपेटची नक्कल करणारे

स्क्रूने सेट होणाऱ्या टॅपेटचे अंतर, म्हणजे बंद व्हॉल्व्हवर ठेवलेली बारीक फट, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तपासतात. ते थंड इंजिनावर तपासायचे की गरम, आणि इनटेक व एक्झॉस्टला किती ठेवायचे, हे त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेले असते. तोच आकडा घ्यावा. ‘सगळ्यांना चालतो’ असा आकडा नसतो. अंतर जास्त झाले की टिकटिक वाढते, पण तेवढ्याने सहसा इंजिन बिघडत नाही. खरा धोका अंतर नाहीसे होण्यात आहे. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये (तो टेकतो त्या कड्यात) उतरत नाही आणि तो जळतो, आणि या सगळ्या काळात इंजिन पूर्वीपेक्षा शांत वाटते. सीएनजी किट बसवलेल्या जुन्या गाडीत हे विशेष जपावे लागते, कारण कोरड्या वायूवर व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजून अंतर कमी होत जाते. म्हणून टॅपेट अगदी गप्प झाले याचा आनंद मानण्याऐवजी गेज घेऊन बसावे. ‘जरा आवळून टाका, आवाज बंद होईल’ असे मेकॅनिकला सांगणे तर टाळावेच.

टॅपेटची सर्वांत फसवी नक्कल एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधील, म्हणजे सांधा बंद ठेवणाऱ्या पट्टीतील, गळती करते. ती थंड इंजिनावर जोरात वाजते आणि मॅनिफोल्ड तापून प्रसरण पावला की मंदावते. सांध्यावर काजळीची काळी रेघ दिसते. खात्रीसाठी मदतनीसाने जाड ओले फडके सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर धरावे. गळती असेल तर मॅनिफोल्डच्या सांध्यावरची फसफस ठळक होते. प्लग सैल असला तरी अशीच टिकटिक येते, आणि त्याच्या बुडाशी तपकिरी-काळे डाग पडतात. कान जवळ नेण्याऐवजी हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे सांध्यांवरून फिरवावे. हवेच्या गळतीसाठी स्क्रूड्रायव्हरपेक्षा हे साधन सरस आहे.

पट्टा आणि त्यावर चालणारे भाग

पावसाळ्यात सकाळी पहिल्यांदा स्टार्ट करताना किंवा हेडलाइट आणि एसी एकदम लावल्यावर येणारी किंचाळी बहुधा फॅन बेल्टची असते. चालत्या पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर दुरून पाण्याचे थोडे थेंब उडवावेत. चिवचिव क्षणभर थांबून परत आली, तर पुली एका रेषेत नाहीत. किंचाळी उलट वाढली, तर पट्टा सैल आहे. पट्ट्यावर साबण किंवा पावडर लावण्याचा उपाय चार दिवसांचा असतो.

घरघर अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाची) की वॉटर पंपाची हे कळत नसेल, तर इंजिन बंद करून पट्टा काढावा आणि जेमतेम अर्धा मिनिट इंजिन चालवावे. आवाज गेला तर पुली हाताने फिरवून खरखर किंवा ढिलेपणा पाहावा. यापेक्षा जास्त वेळ चालवू नये, कारण अनेक गाड्यांत याच पट्ट्यावर वॉटर पंप चालतो. क्रँकवरून कॅम फिरवणारा टायमिंग बेल्ट मात्र तुटण्यापूर्वी आवाज करेलच असे नाही. तो किलोमीटर आणि वर्षे पाहूनच बदलावा.

घाटातील नॉकिंग

खंबाटकी चढताना चौथ्या गिअरमध्ये कमी गतीवर ॲक्सिलरेटर दाबला आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, तर ते नॉकिंग आहे: सिलिंडरमधले मिश्रण ठिणगीच्या ज्योतीने क्रमाक्रमाने जळण्याऐवजी आपोआप पेट घेते. आधी गिअर खाली घ्यावा. आवाज लगेच थांबतो, पण कारण शोधावेच लागते. इग्निशन टायमिंग पुढे गेलेले असणे (ठिणगी वेळेआधी पडणे), पिस्टनच्या माथ्यावर कार्बन साचणे, इंजिन जास्त तापणे, चुकीच्या हीट रेंजचा (इंजिनाच्या मानाने जास्त तापणारा) प्लग किंवा पेट्रोल कमी पडलेले मिश्रण, यांपैकी काहीतरी असते. केवळ महागडे पेट्रोल भरून हा आवाज घालवणे म्हणजे तापलेल्या इंजिनाचे दुखणे झाकणे होय.

जड ठोका

आता गंभीर प्रकार. थंड इंजिनावर पोकळ ठकठक येऊन ते तापल्यावर विरत असेल, तर तो पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटण्याचा, म्हणजे पिस्टन स्लॅपचा आवाज असतो. झीज झालेली आहे, पण ऑइल खात नसेल तर अशी गाडी बराच काळ चालते. याच्या उलट, इंजिन तापून ऑइल पातळ झाल्यावर वाढणारा आणि रेस सोडताना ठळक होणारा जड ठोका बिग एंड बेअरिंगचा, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जोडला जातो तिथल्या बेअरिंगचा, असू शकतो. खोल, बोथट आणि चढावर भार पडल्यावर वाढणारा ठोका मेन बेअरिंगकडे (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगकडे) बोट दाखवतो.

कोणता सिलिंडर हे पाहण्यासाठी इंजिन बंद करून एमपीएफआय गाडीत एका इंजेक्टरचा कनेक्टर काढावा, मग स्टार्ट करून ऐकावे. कार्बोरेटरच्या गाडीत बंद इंजिनावरच प्लगची वायर काढून, तिला जादा प्लग लावून तो बॉडीला पक्का टेकवावा. चालू इंजिनावर वायर ओढण्याची गॅरेजमधली पद्धत झटका देणारी आणि इग्निशन कॉइल घालवणारी आहे. ज्या सिलिंडरचे काम बंद केल्यावर ठोका स्पष्टपणे मंदावतो, त्याचे बेअरिंग किंवा पिस्टन दोषी. चाचणी काही सेकंदांचीच असावी.

इंजिन उतरवण्याआधी दोन गोष्टी अवश्य कराव्यात. क्रँक पुलीचा बोल्ट आणि फ्लायव्हील तपासावे. ओळखीतल्या एका मारुती ८०० ला एका गॅरेजने ‘अर्धे इंजिन करावे लागेल’, म्हणजे ते उघडून मोठी दुरुस्ती करावी लागेल, असे सांगितले होते. दुसऱ्या मेकॅनिकने पुलीला पान्हा लावला तेव्हा बोल्ट बोटानेही फिरेल इतका सैल निघाला, पुलीची चावीची (पुली क्रँकवर घसरू नये म्हणून बसवलेल्या धातूच्या तुकड्याची) खाच रुंदावलेली होती आणि तिच्या कडा आरशासारख्या घासून चकचकीत झाल्या होत्या. तेवढे काम झाल्यावर ठोका गेला. दुसरी गोष्ट म्हणजे ऑइल प्रेशर स्विचच्या जागी यांत्रिक गेज लावून गरम इंजिनावर दाब मोजून घेणे आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडणे. ऑइल काढताना ते स्वच्छ पांढऱ्या भांड्यात घ्यावे. त्यातला चुरा चुंबकाला चिकटला तर तो लोखंडी भागांचा. चुंबकाला न चिकटणारे चंदेरी किंवा तांबूस कण दिसले, तर बहुधा बेअरिंगचा थर निघू लागला आहे.

असे कण आणि जड ठोका दोन्ही असतील, तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवू नये, टो करूनच न्यावी. वेळीच थांबवलेले इंजिन क्रँक ग्राइंड करून (घासून गुळगुळीत करून) आणि त्या बारीक झालेल्या क्रँकला बसणारे अंडरसाइज बेअरिंग घालून वाचू शकते. रॉड तुटून ब्लॉकला भोक पडले की तो पर्याय संपतो. मग बरेच जण कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून जुने इंजिन आणून बसवतात. ते आणताना मूळ मालकाची कागदपत्रे आणि पावती घ्यावी, ब्लॉकवरचा नंबर कोणी घासलेला नाही हे पाहावे, आणि बसवण्याआधीच आरटीओमध्ये चौकशी करावी, कारण आरसीवर इंजिन नंबर असतो आणि बदललेल्या इंजिनाची नोंद तेथे करून घ्यावी लागते.